साखरपुडा बुडवून लिहिलेला समीक्षा-लेख

धुळे,
ता. १८ फेब्रुवारी

ती. रत्नाअक्का हिस,

धुळ्याहून हिलालचा वाकून नमस्कार. (खुर्चीत बसून बसून कंबर अशी धरली आहे की वाकल्यावर सरळ व्हायला वेळ लागतो. तो वेळही आदरातच धरावा.) तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा गुडघा काय म्हणतो? थंडीत तो जास्त बोलतो हे मला ठाऊक आहे. पद्मालयाच्या गणपतीला पायीच जाणार हा हट्ट त्यांनी यंदा तरी सोडला असेल तर बरं. इकडे मोहिनी मजेत आहे. मीही बरा आहे, पण ते सहसा कोणी विचारत नाही.

तू रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फुलं आणि सुविचार पाठवायचीस, ते ऑक्टोबरातल्या त्या रविवारपासून मला यायचे बंद झाले. मोहिनीला येतात, म्हणजे तुझा फोन बिघडलेला नाही. हे अंदाजाने सांगत नाही, मी मोहिनीचा फोन रोज सकाळी चोरून बघतो. परवाचा सुविचार होता, "नाती जपावी लागतात." तो तिला पाठवला होतास, पण रोख माझ्याकडे होता हे चष्म्याशिवायही दिसलं. भाचीच्या साखरपुड्याला सख्खा मामा नाही, ही गोष्ट लहान नाही. फोनवर मी म्हणालो होतो की एक लेख लिहीत होतो, आणि तू "बरं" म्हणून फोन ठेवला होतास. तुझं ते "बरं" मला माझ्या निबंधाच्या वहीपासून माहीत आहे. त्याच्यानंतर लाल पेन यायचं. या वेळी ते आलं नाही, म्हणून जास्त धास्ती वाटली. म्हणून सगळं लिहून काढतो आहे. लांबलं तर रागावू नकोस. मला चार हजार शब्दांत लिहा म्हटलं तर नऊ हजार होतात, हे आता देशाबाहेरच्या लोकांनाही कळलं आहे.

आधी लेख म्हणजे काय ते सांगतो, कारण तुला वाटलं होतं की मी दिवाळी अंकासाठी बसलो होतो. तसं असतं तर निदान अंक तरी घरी आला असता. आमच्या मेडिकल कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर ठरावीक लेख छापून यावे लागतात. माझा एक कमी पडतो. गेली सहा वर्षं तो एकच कमी पडतो आहे, आणि दारावरच्या पाटीवर 'सहयोगी' हा शब्द असा घट्ट बसला आहे की पाटी पुसणारी बाईसुद्धा मला सहयोगी साहेब म्हणते. स्वतःचं संशोधन करायचं तर परवानग्या, समित्या, शेकडो रोग्यांच्या नोंदी, दोन वर्षं सहज जातात. म्हणून मी समीक्षा-लेख लिहायचं ठरवलं. त्यात आपण काही शोधायचं नसतं. इतरांनी काय शोधलं ते वाचायचं, आणि कोणाचं कुठे चुकलं ते सभ्य भाषेत सांगायचं. मोहिनी म्हणाली, म्हणजे लोकांच्या लग्नात जेवून आल्यावर तुम्ही घरी करता तेच. मी म्हटलं हो, फक्त इथे खाली संदर्भ द्यावे लागतात.

विषयही असा निवडला की अंगाला घाम येऊ नये. रोग्याच्या रक्तात जंतू सापडले, तर ती बातमी लॅबमधून वॉर्डात लवकरात लवकर कशी पोहोचवावी? किती मिनिटांत, कोणी, कोणाला, फोनने की संगणकाने? यावर जगभर इतकं लिहिलं गेलं आहे की बातमी पोहोचवायला त्या लोकांना वेळ कधी मिळाला असेल, कोण जाणे. मी दोनशे सत्त्याऐंशी लेख उतरवून घेतले, छापले आणि जेवणाच्या टेबलावर रचले. तीन महिने आम्ही खाली पाट मांडून जेवलो. शेजारच्या काकूंना वाटलं आम्ही कसलं तरी व्रत धरलं आहे, त्यांनी मोहिनीला उद्यापन कधी म्हणून विचारलं. मोहिनी म्हणाली, "छापून आल्यावर."

लिहिण्यापेक्षा तो लेख मासिकाच्या वेबसाइटवर चढवणं अवघड होतं, म्हणून कच्चा मसुदा घालून अर्ज आधीच भरून ठेवला. आधी एक यंत्र तपासतं की तुम्ही कोणाचं चोरलं आहे का. त्याने सांगितलं, अडतीस टक्के मजकूर इतरत्र सापडतो. निम्मा माझ्याच जुन्या प्रबंधातला निघाला आणि बराचसा म्हणजे जंतूंची नावं. अक्का, जंतूंचं बारसं मी नव्याने कसं करू? मग एक रकाना आला की ज्यांचा तुमच्याशी काडीचाही संबंध नाही असे पाच तज्ज्ञ सुचवा. मला वाटतं पूर्ण अर्जातला तेवढाच प्रश्न सोपा होता, जगातले सगळेच तज्ज्ञ त्यात बसत होते. शेवटी विचारलं होतं, या लेखात आपला काही स्वार्थ आहे काय? मी 'नाही' अशी खूण केली. खरं सांगायचं तर त्या लेखात स्वार्थाशिवाय दुसरं काही नव्हतं.

आता तो रविवार. लेख पाठवायची शेवटची वेळ संध्याकाळी पाचची होती, आणि पुनमचा साखरपुडा दुपारी साडेबाराचा. माझा हिशेब असा की सकाळी लवकर कॉलेजात जायचं (घरी लिहायला टेबल रिकामं नव्हतं), नऊपर्यंत शेवटचा भाग संपवायचा, लेख चढवायचा आणि पारोळ्यावरून वेळेत एरंडोल गाठायचं. मोहिनी साडी आणि पेढे घेऊन पुढे निघाली. जाताना म्हणाली, "तुम्ही येणार नाही." मी दुखावलो. इतकी वर्षं संसार करून बाईने माणसावर विश्वास ठेवू नये म्हणजे काय? तिला अनुभव होता, एवढंच मला सुचलं नाही.

नऊ वाजले, दहा वाजले, आणि एक परिच्छेद काही केल्या जमेना. परिच्छेद असा होता की जंतू वाढल्याची सूचना मिळताच एका तासाच्या आत वॉर्डाला कळवलं पाहिजे, कारण प्रत्येक तासागणिक रोग्याचा धोका वाढतो. 'प्रत्येक तासागणिक' यात एक शब्द जास्त होतोय का, यावर मी पाऊण तास घालवला. माझी खोली लॅबच्या आतच आहे. बाहेर आमचं यंत्र आहे, त्यात रोग्यांच्या रक्ताच्या बाटल्या ठेवलेल्या असतात आणि एखाद्या बाटलीत जंतू वाढले की ते वाजायला लागतं. पावणेअकराला ते वाजलं. मला त्या आवाजाचा त्रास झाला. मी उठलो, दार लावलं आणि पुन्हा लिहायला बसलो.

हे वाक्य मी तुला तीनदा खोडून चौथ्यांदा लिहितो आहे.

त्या दिवशी ड्युटीवर पुना होता. तो आमचा सगळ्यात जुना तंत्रज्ञ, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, शिरपूरकडचा. घरी आणि लॅबमध्ये सारखीच अहिराणी बोलतो. त्याने बाटली काढली, काचेवर थेंब पसरून रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि दहा मिनिटांत माझं दार वाजवलं. नियम असा आहे की ती काच डॉक्टरने पाहून होकार दिल्याशिवाय वॉर्डाला कळवता येत नाही. (हा नियम मीच केला आहे. खाली माझी सही आहे.) मी आतूनच म्हटलं, दहा मिनिटं. त्याने अर्ध्या तासाने पुन्हा वाजवलं. मी पुन्हा दहा मिनिटं म्हटलं, वर चिडून हेही म्हटलं की जरा महत्त्वाचं काम चाललंय. तिसऱ्यांदा, साडेबारा उलटून गेल्यावर, त्याने वाजवलं नाही. दार ढकलून सरळ आत आला आणि मी लिहीत होतो त्या कागदांवरच काच ठेवली.

"सर, तुम्ही लिखा," तो म्हणाला, "पन पहिले हाई देखी ल्या."

मी पाहिलं. सगळीकडे लाल काड्या, म्हणजे ग्राम निगेटिव्ह जंतू. चुकीला जागा नव्हती, पहिल्या वर्षाच्या पोरानेही ओळखलं असतं. घड्याळात बारा चाळीस झाले होते. तिकडे तुमच्याकडे त्याच सुमाराला पुनमच्या बोटात अंगठी चढत असेल.

बाटलीवर नाव होतं झुंबरबाई, वय बासष्ट, स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड. मी फोन उचलला. माझ्या लेखात बातमी पोहोचवण्याच्या चौदा पद्धतींचा तक्ता आहे, जपानपासून नॉर्वेपर्यंत. पण आमच्या वॉर्डाचा नंबर मला माहीत नव्हता. भिंतीवर यादी होती, त्यावरून लावला. पलीकडून कोणीतरी उचलला तसा मी एका दमात सांगून टाकलं की झुंबरबाईंच्या रक्तात ग्राम निगेटिव्ह जंतू आहेत, ताबडतोब औषध बदला. पलीकडचा माणूस म्हणाला, "साहेब, आज रविवार. फक्त पोहे आहेत." वॉर्ड मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर हलला, तेव्हा त्याचा नंबर कँटीनला गेला होता. यादी बदलायचं काम कोणाकडे होतं ते विचारू नकोस. तुला उत्तर सापडेल.

मग मी पळालो. लिफ्ट रविवारी बंद असते. साखरपुड्यासाठी घातलेले नवे बूट चावत होते, ते दुसऱ्या मजल्यावर काढून हातात घेतले. असा एक घामाघूम माणूस बूट हातात घेऊन वॉर्डात शिरला, तेव्हा तिथल्या आयाने आधी मला अडवलं. आम्ही जंतूंचे डॉक्टर वर कधी जातच नाही, त्यामुळे ओळखणार कोण? ड्युटीवर डॉ. आयुषी म्हणून एक मुलगी होती, जळगावची, माझीच विद्यार्थिनी. तिने ओळखलं. बाईंचं ब्लडप्रेशर सकाळपासून घसरत होतं आणि चालू असलेलं औषध त्या जंतूंवर लागू पडणारं नव्हतं. पोरीने एक शब्द वाया न घालवता औषध बदललं. सगळं होऊन सुई टोचेपर्यंत सात मिनिटं लागली. मी पावणेदोन तास खाल्ले होते.

पुढे काय? मी तिथेच एका स्टुलावर बसून राहिलो. पाच वाजून गेले, लेख गेला नाही. साडेपाचला फोनवर त्या मासिकाचा निरोप आला की सर्वांच्या सोयीसाठी मुदत एक महिन्याने वाढवली आहे. तेव्हाही एरंडोलला यायला बस होती, अक्का. तोंड नव्हतं. तुला म्हणता आलं असतं की रोगी अत्यवस्थ होता, तू तिथल्या तिथे माफ केलं असतंस, वर चार बायकांना कौतुकाने सांगितलंही असतंस. पण ते अर्धं खरं झालं असतं, आणि तुझ्याकडून शाबासकी घेताना माझी मान खाली गेली असती. म्हणून "लेख लिहीत होतो" एवढंच म्हणालो. पूर्ण खोटं नव्हतं, आणि त्यात शाबासकीचा धोकाही नव्हता.

झुंबरबाई दोन दिवस अत्यवस्थ होत्या. मी रोज दोनदा वर जायचो. नाडी बघण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचो. त्यांच्या मुलाला, नवलला, वाटलं मी कागदपत्रं बघणारा कोणी आहे, तो मला रोज रेशन कार्ड दाखवायचा. चौथ्या दिवशी बाई उठून बसल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कसाना डॉक्टर शेतस?" मी म्हटलं, जंतूंचा. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मंग गयात का त्या?" मी म्हटलं, बहुतेक गेले. "बहुतेक?" त्या म्हणाल्या. इतका अवघड प्रश्न मला परीक्षेतही कोणी विचारला नव्हता.

अकराव्या दिवशी त्या घरी निघाल्या. मी नवलला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. सांगायचं की नाही, यावर आदली संध्याकाळ मी मोहिनीशी बोललो होतो. ती म्हणाली होती, न सांगता तुम्हाला झोप लागणार असेल तर सांगू नका. मी नवलला सांगितलं की तुझ्या आईचा रिपोर्ट पावणेदोन तास आधी वर यायला हवा होता, आणि तो माझ्यामुळे अडला. मी दार लावून लिहीत बसलो होतो. त्याने हातातलं गाठोडं खाली ठेवलं. शेतात राबणारा माणूस, तिशीचा, हात माझ्या दुप्पट. मला वाटलं, मारणार. आणि अक्का, मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"माय वाचनी ना, साहेब," तो म्हणाला. मग गाठोडं उचललं, दोन पावलं गेला आणि वळला. "पन आते दार उघाडं ठेवा."

त्यानंतर माझ्या खोलीचं दार मी काढूनच टाकलं. (बांधकाम विभागाने लेखी विचारणा केली आहे की सरकारी दार कुठे गेलं. ते स्टोअरमध्ये उभं आहे, पण त्यांना उत्तर तीन प्रतींत हवं आहे.) सगळ्या वॉर्डांचे नंबर पुनाने स्वतः प्रत्येक मजल्यावर फिरून, फोन वाजवून तपासले आणि नवी यादी लावली.

लेख मी नव्या मुदतीत पाठवला, जसाच्या तसा, त्या रविवारचा एक शब्दही न घालता. सुधारलो असं समजू नकोस. दोन महिन्यांनी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्याने लिहिलं होतं, लेख ठीक आहे. तो बहुधा वाचला नसावा. दुसऱ्याने सत्तेचाळीस मुद्दे काढले होते. एकतिसावा मुद्दा मला पाठ आहे: "लहान शहरांतल्या लॅबमध्ये उशीर का होतो, यावर लेखकांनी अधिकाराने लिहिलं आहे, मात्र लेखकांनी अशा लॅबमध्ये कधी काम केलं असावं असं वाटत नाही." मी आधी चिडलो. बावीस वर्षं मी या लॅबमध्ये आहे! मग लेख पुन्हा वाचला. परीक्षकाचं बरोबर होतं. त्या बावीस वर्षांपैकी एक दिवसही लेखात नव्हता.

तेव्हा मी नॉर्वेचा अर्धा तक्ता कापला आणि त्या जागी तो रविवार लिहिला. यंत्र कधी वाजलं, दार किती वेळा वाजलं, कँटीन, जिने, सगळं. आत बसलेला डॉक्टर हाच लेख लिहीत होता, हेही. वेळा मला आठवत नव्हत्या, त्या पुनाने दिल्या. त्याची एक डायरी आहे, यंत्र वाजल्यापासून वॉर्डाला कळेपर्यंत किती मिनिटं गेली याची नोंद तो चार वर्षं करतो आहे. कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मला कधी दाखवली का नाहीस? तो म्हणाला, "तुम्ही कधी इचारं नही." त्या नोंदींचाही आधार घेतला आणि लेखक म्हणून माझ्या जोडीला त्याचं नाव घातलं. वडिलांचं नावही पूर्ण पाहिजे एवढीच त्याची अट होती. नंतर त्याने विचारलं की हे छापून काय होईल. मी म्हटलं, मी प्राध्यापक होईन. "आन मी?" तो म्हणाला.

मागच्या आठवड्यात लेख स्वीकारल्याचं पत्र आलं. दुसऱ्या परीक्षकाने एकच ओळ लिहिली होती, "आता विश्वास बसला."

तर अक्का, मी का नव्हतो ते हे असं. पुनमला मी वेगळं लिहितो आहे, तिच्यासाठी इतकं लांब नाही. तुला राग धरायचा असेल तर धर, पण खऱ्या कारणाचा धर. दाजींना नमस्कार, आणि तुला पुन्हा एकदा, कंबर सांभाळून.

तुझा भाऊ,
हिलाल

ता. क. – एक काम आहे. मासिकाने लेखासोबत सामान्य माणसाला कळेल असा मराठीत सारांश मागितला आहे, दोनशे शब्दांत, शुक्रवारपर्यंत. मी सात वेळा लिहिला. पुनाला वाचायला दिला तर म्हणाला, "सर, हाई बी इंग्रजीच शे." तो शुद्ध मराठीत होता. तू तीस वर्षं पोरांना सोपं करून शिकवलंस, म्हणून हे पत्र वाचून झालं की लाल पेन घे, नको ते खोड आणि दोनशे शब्द तेवढे ठेवून परत पाठव. मासिकाचे लोक गुरुवारपासून आठवण करून देतील. (हो, पत्र मुख्यतः यासाठीच लिहिलं. पण वरचं सगळं खरं आहे.)

ता. क. दुसरा – तीन दिवसांपूर्वी पत्र पाकिटात घालणार तोच आमच्या आस्थापना विभागातले बाबू भेटले. स्वीकृतीचं पत्र त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाले, "अभिनंदन साहेब, पण बढतीसाठी समीक्षा-लेख आमची समिती धरत नाही. स्वतःचं संशोधन लागतं." मी म्हटलं, हे सहा महिन्यांपूर्वी सांगायचं होतंत. ते म्हणाले, तुम्ही विचारलं नव्हतं. हे मला महिन्याभरात दुसऱ्यांदा ऐकावं लागलं.

अडचण एवढीच की मोहिनीने कॉलनीत पेढे वाटले आहेत, आणि समोरच्या काकांनी मला शाल घालून फोटोही काढला आहे. मी गेले तीन दिवस तिला काही बोललेलो नाही. हे तिला तूच सांग. मोठ्या नणंदेचं ती शांतपणे ऐकून घेते. फोन मात्र दुपारी दोन ते चारच्या मध्ये कर, त्या वेळी मी घरी नसतो.